घरचा कॅरम दुरुस्त करावा की मंडळाचा जुना घ्यावा?

उन्हाळ्याची सुटी लागली की माळ्यावरचा कॅरम खाली येतो. नंदुरबार-शहाद्याकडच्या उन्हात भर दुपारी मुलांना बाहेर सोडवत नाही आणि पत्र्याच्या घरात नुसते बसवूनही ठेवता येत नाही. चार जणांना दोन-तीन तास एका जागी गुंतवणारा, लहान-थोर सगळ्यांना जमणारा असा स्वस्त खेळ दुसरा नाही. पण खाली काढलेल्या बोर्डावर सोंगटी मध्येच अडते, स्ट्रायकर वाकडा जातो आणि मुले दोन दिवसांत पुन्हा मोबाइलकडे वळतात. मग मोठा मुलगा म्हणतो, "बाबा, मंडळाचा जुना मोठा बोर्ड विकायला निघालाय, तो घेऊ." आई म्हणते, "आहे तोच नीट करा, नसता खर्च कशाला?" दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. कोणाचे ऐकायचे, हे घरच्या बोर्डाची तपासणी करून ठरवावे.

आधी माप घ्या

स्पर्धेच्या कॅरमचे माप नियमाने ठरलेले आहे. खेळण्याची जागा चारही बाजूंनी ७३.५ ते ७४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २९ इंच असते. लाकडी चौकट धरून बोर्ड ३४ ते ३७ इंच भरतो. प्लायवूड किमान ८ मिलिमीटर जाडीचे लागते. कोपऱ्यातले पॉकेट ४.४५ सेंटिमीटर व्यासाचे असते. सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो.

जत्रेतून किंवा भांड्यांच्या दुकानातून आणलेला लहान बोर्ड या मापात बसत नाही, आणि कितीही पैसे घातले तरी तो मोठा होणार नाही. लहान भावंडांच्या करमणुकीला तो पुरेसा आहे. पण ज्या मुलाला किंवा मुलीला शाळेच्या स्पर्धेत उतरायचे आहे, त्यांचा हात लहान बोर्डावर बसला की मोठ्यावर अंदाज चुकतो.

दुरुस्ती कधी परवडते?

सगळा खेळ प्लायवर असतो. एक सरळ लोखंडी पट्टी बोर्डावर आडवी, उभी आणि तिरकी ठेवून पाहा. मधोमध पट्टीखालून उजेड दिसला तर प्लाय खाली बसले आहे. बोटाच्या पेराने जागोजाग टकटक करा. एखाद्या ठिकाणी पोकळ आवाज आला तर तिथले थर सुटले आहेत. अशा बोर्डावर एक रुपयाही घालू नका. पावसाळ्यात ओल धरलेले प्लाय वजन ठेवून सरळ होईल ही आशा फोल असते, आणि उन्हात वाळवले तर ते आणखी वाकते.

प्लाय सपाट असेल, तर मात्र थोडक्या खर्चात काम होते. बऱ्याच वेळा दोष बोर्डाचा नसतोच. तळहाताचा घाम आणि जुनी पावडर मिळून पृष्ठभागावर चिकट थर बसलेला असतो. तो कोरड्या सुती फडक्याने जोर न लावता, वारंवार पुसून काढावा. ओले फडके लावू नये आणि खरखरीत पॉलिश-पेपरने घासू नये. त्याने रेषा जातात आणि वरचे लॅकर निघते. मग एकाच वजनाच्या नव्या सोंगट्या, बरा स्ट्रायकर आणि पॉकेटच्या नव्या जाळ्या घ्याव्यात. पावडर चिमूटभरच टाकावी. बोरिक पावडर पोटात गेली तर अपाय करते. तिचा डबा रांगत्या मुलांपासून दूर ठेवावा आणि खेळून झाल्यावर हात धुवावेत.

सर्वांत मोठा फरक पडतो तो स्टँडने. जमिनीवर किंवा गादीवर ठेवलेला बोर्ड कधीच समतल राहत नाही. ६३ ते ७० सेंटिमीटर उंचीचा लाकडी घोडा गावचा सुतारही करून देतो. त्याच्याच पाणसळीने बोर्डाची पातळी पाहून घ्यावी आणि पायाखाली पुठ्ठा सारून ती नीट करावी.

जुना मोठा बोर्ड घेताना

मंडळे, वसाहतींचे क्लब, रेल्वेच्या संस्था नवा बोर्ड घेतात तेव्हा जुना निघतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावर आपले अनेक नातेवाईक नोकरी-धंद्याला आहेत, त्यांच्याकडे चौकशी करून ठेवावी. क्लबचा बोर्ड जड असतो, त्याची चौकट कठीण लाकडाची असते आणि स्ट्रायकर तिच्यावरून जोमाने परततो. मात्र तो रोज तासन्‌तास वापरलेला असतो, म्हणून फोटो पाहून सौदा करू नये.

जाताना आपला स्ट्रायकर आणि दोन सोंगट्या सोबत न्याव्यात. बोर्ड समतल ठेवून चारही बाजूंनी हलका स्ट्रायकर सोडावा. एकाच जागी तो वळत असेल तर तिथे खोलगट आहे. नंतर जोराने मारावा. चांगल्या बोर्डावर तो किमान साडेतीन वेळा मागे-पुढे जातो. बोर्ड उलटा करून पाठीच्या पट्ट्या पाहाव्यात. लाकडाचा भुसा किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी आहे, तो फुकटही घरात आणू नये. चौकटीचे चारही सांधे हलवून पाहावेत.

सौदा ठरवताना नेण्याचे भाडे, घोडा आणि नव्या सोंगट्या यांचा खर्च किमतीत धरावा. बेरीज नव्या बोर्डाच्या जवळ जात असेल तर नवाच बरा. बोर्ड दाराच्या चौकटीतून आत जाईल का, रात्री तो कुठे ठेवणार, हेही आधी मोजावे. ठेवायचा तर ओल न येणाऱ्या भिंतीशी सरळ उभा ठेवावा. तिरका टेकवून ठेवला तर कालांतराने वाकतो.

एकट्याला झेपत नसेल तर

मिरचीच्या पथारीवर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या घराला हा खर्च एकट्याने जड जातो. तीन-चार घरांनी वर्गणी काढून एक बोर्ड घ्यावा आणि समाजमंदिरात ठेवावा. मात्र दोन नियम पहिल्याच दिवशी करावेत. पैसे लावून खेळायचे नाही, आणि रोज ठराविक वेळ मुलींसाठी राखायची. मंडळाच्या ओट्यावर रात्री दहापर्यंत मुलगे खेळतात. मुलींना तिथे जागा मिळत नाही, मग "मुलींना कॅरम येत नाही" असे आपणच म्हणतो.

तो येतो की नाही, हे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जगाने पाहिले. अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात चेन्नईच्या एम. खाझिमा या मुलीने तीन सुवर्णपदके जिंकली. तिचे वडील रिक्षा चालवतात.

तेव्हा प्लाय चांगले असेल तर घरचाच बोर्ड नीट करा, खराब असेल तर पारखून जुना घ्या. बोर्ड कोणताही असो, त्याच्या चार बाजूंपैकी एक बाजू घरातल्या मुलीची असू द्या.