कळंब्याचं पाणी, कळंब्याची घरं

लहानपणीच्या घराच्या आठवणी लिहायच्यात? मग पाण्यापासून सुरुवात करा, हे माझं ठाम मत! कोल्हापूरजवळच्या कळंब्यात तर दुसरी वाटच नाही. कात्यायनीच्या डोंगरातून येणारं पाणी अडवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं तलाव बांधला, तो कोल्हापूर शहराची तहान भागवायला. तलाव उंचावर, शहर सखल. त्यामुळं पंपाशिवाय, नुसत्या उतारानं पाणी शहरात पोचायचं. शहरातल्या मंगळवार पेठेतली 'पाण्याचा खजिना' ही साठवण टाकी त्याच व्यवस्थेतली.

आता घरं. पुढं सोपा, आत माजघर, मागं परडं, शेजारी गोठा. आपल्याकडच्या जुन्या घरांची ही ओळखीची मांडणी गारगोटी रस्त्यालगतच्या नव्या अपार्टमेंटांत कुठून सापडणार? कुणाचं जुनं घर पाडायला निघालं असेल तर एक कौल उलटं करून बघाच. मंगळुरी कौलांवर बऱ्याचदा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशन या मिशनरी संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला असा कारखाना काढला आणि ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

कारखान्याचं नाव कौलावर राहतं, पण घरातल्या माणसांचं? लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर पाट्या लावायची योजना १८६६ पासून आहे. आपल्या आजीच्या घराला कोण पाटी लावणार! म्हणून आजीलाच विचारा: पाणी कुठून आणायचीस, चूल कुठं होती, दिवे कधी आले? उत्तरं मोबाईलवर रेकॉर्ड करा. फोटोच्या मागं साल, गल्ली आणि माणसांची नावं मात्र पेन्सिलीनंच लिहा, शाई फुटते.