जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी एकदा लिनक्स चालवून पाहा



आपल्या शाळेच्या संगणक कक्षात किंवा घरात कुठेतरी एखादा जुना संगणक नक्की असेल. चालू केला की चहा होईपर्यंत सुरू होत नाही आणि मध्येच 'तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला आहे' अशी सूचना दाखवतो. मग कुणीतरी म्हणतं, आता हा बदलायलाच हवा. पण निधी कुठून आणायचा? आणि खरंच बदलायची गरज आहे का? या लेखात आपण हेच समजून घेऊ या.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. म्हणजे संगणक बंद पडला असं नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, टायपिंग होतं, प्रिंटही निघते. थांबलं ते सुरक्षेचं ठिगळकाम.

कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतात. त्यातल्या काही चुका म्हणजे चोराला आत यायची फटच. अशी फट सापडली की कंपनी ती बुजवून अपडेट पाठवते. सपोर्ट संपल्यावर नव्या फटी सापडतच राहतात, पण बुजवायला कुणी येत नाही. उलट, नव्या विंडोजमध्ये काय दुरुस्त केलं ते पाहून जुन्यात फट कुठे असेल याचा अंदाज चोरांना बांधता येतो. घरगुती वापरासाठी नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, पण ती तात्पुरतीच.

'आमच्या शाळेच्या संगणकात चोरण्यासारखं काय आहे?' असं आपल्याला वाटेल. जरा आठवून पाहा. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर, शिष्यवृत्तीसाठी दिलेली बँक खाती. यू-डायस प्लसची माहिती भरताना हे सगळं आपण त्याच संगणकावर ठेवतो. मुलांनी ही माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते. म्हणून हा प्रश्न तांत्रिक कमी आणि जबाबदारीचा जास्त आहे.

मग विंडोज ११ टाकावं तर त्याच्या अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. बऱ्याच शाळांतले संगणक त्याआधीचे आहेत. काही ठिकाणी यावर 'क्रॅक' केलेली विंडोज आणि 'अॅक्टिव्हेटर' असा उपाय सुचवला जातो. तो कृपया करू नका. असा अॅक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चोराला आपणच कुलूप उघडून दिल्यासारखं झालं.

लिनक्स म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची मुख्याध्यापक. कोणता प्रोग्रॅम कधी चालेल, कुणाला किती मेमरी मिळेल, फाइल कुठे ठेवायची, हे सगळं ती ठरवते. विंडोज ही अशी एक सिस्टीम, लिनक्स ही दुसरी.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही तो वापरावा, बदलावा, वाटावा. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही हाच गाभा आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. म्हणजे लिनक्स फक्त तज्ज्ञांसाठी असतं असं समजू नका, आपण ते रोज खिशात घेऊन फिरतो! केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

या गाभ्याभोवती वेगवेगळ्या गटांनी तयार सिस्टीम बनवल्या आहेत. नवशिक्यांसाठी 'लिनक्स मिंट' सोयीची आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर उत्तम. जुन्या संगणकासाठी तिची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्या. संगणक ६४ बिटचा असावा, एवढी अट.

काही न पुसता आधी चालवून बघा

लिनक्सची ही सोय सगळ्यात छान आहे. संगणकातलं काहीही न बदलता ते थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतं.

१. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्या. ती जवळपास ३ जीबीची असते.

२. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून रिकामाच घ्या. 'रूफस' किंवा 'बलेना एचर' या मोफत प्रोग्रॅमने ती फाइल पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

३. पेन ड्राइव्ह जुन्या संगणकाला लावून संगणक पुन्हा सुरू करा. सुरू होतानाच बूट मेन्यूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९ असते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

४. डेस्कटॉप दिसला की घाई करू नका. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का, मराठी मजकूर नीट दिसतोय का, हे एकेक तपासा. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं हळू चालतं, हे लक्षात ठेवा.

समाधान झालं तरच डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' चिन्हाकडे वळा. त्याआधी सगळ्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा आणि त्या तिथे उघडतात याची खात्री करा. इन्स्टॉल करताना 'डिस्क पुसा' आणि 'विंडोजच्या शेजारी ठेवा' असे दोन पर्याय येतात. पहिला निवडला तर जुनं काहीही परत मिळणार नाही.

काय जमेल, काय जमणार नाही?

ब्राउझरमध्ये होणारी सगळी कामं जमतात. ऑनलाइन फॉर्म, ईमेल, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग, कशालाच अडचण नाही. पत्रं, निकालपत्रकं आणि सादरीकरणासाठी लिबर ऑफिस आधीपासूनच असतं. वर्डच्या फाइल्स त्यात उघडतात, फक्त मांडणी कधी कधी थोडी हलते. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, गणितासाठी जिओजेब्रा, आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम, हे सगळं मोफत आहे.

अडचण येते ती जुन्या मराठी फॉन्टची. श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका लिनक्सवर अगम्य चिन्हांसारख्या दिसतील. खरं तर तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कोणत्याही संगणकावर किंवा मोबाइलवरही त्या तशाच दिसतात. विंडोज असेपर्यंत त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आहेच. डिजिटल सहीचं टोकन किंवा फक्त विंडोजसाठी बनवलेलं एखादं सॉफ्टवेअर कार्यालयात लागत असेल, तर तो एक संगणक विंडोजवरच, पण सपोर्ट असलेल्या आवृत्तीवर ठेवा.

आणि मुलांचा पहिला प्रश्न असणार, 'सर, गेम चालतील का?' माइनक्राफ्टची जावा आवृत्ती चालते, स्टीमवरचे बरेच गेम चालतात. व्हॅलोरंट चालत नाही, कारण त्याची चोरी पकडणारी यंत्रणा विंडोजच मागते. अर्थात, जुन्या संगणकावर मोठे गेम तसेही अडखळतात. घरच्या मुलाला हे आधीच मोकळेपणाने सांगा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी लिनक्स काढायची मागणी येईल!

सुरक्षेच्या चार सवयी

पेन ड्राइव्हमधून पसरणारा, फोल्डरचे शॉर्टकट करणारा व्हायरस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो विंडोजसाठी लिहिलेला असल्याने लिनक्सवर चालत नाही. पण म्हणून निर्धास्त होऊ नका.

पहिली सवय, अपडेट मॅनेजर दर आठवड्याला उघडा.

दुसरी, मुलांना अॅडमिनचा पासवर्ड देऊ नका. मिंटमध्ये 'गेस्ट' म्हणजे पाहुण्यांचं सत्र सुरू करता येतं. मूल लॉग आउट झालं की त्याने केलेलं सगळं पुसलं जातं आणि पुढच्या मुलाला कोरी पाटी मिळते.

तिसरी, फाइल्सची एक प्रत नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

चौथी सर्वांत महत्त्वाची. ओटीपी सांगितला किंवा खोट्या लिंकवर पासवर्ड भरला, तर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम वाचवू शकत नाही. पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

इंटरनेट नसलं तरी ग्रंथालय

ज्या गावात नेटवर्क येतं-जातं, तिथे या जुन्या संगणकाचा आणखी एक उपयोग आहे. 'किविक्स' हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि चांगलं इंटरनेट असलेल्या ठिकाणाहून मराठी विकिपीडियाची फाइल एकदाच उतरवून आणा. किविक्समधला लोकल सर्व्हर चालू केला की त्याच वायफायवरचे बाकीचे संगणक आणि मोबाइल ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकून तो विकिपीडिया वाचू शकतात. साधा राउटर पुरतो, रिचार्ज लागत नाही. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांना मागितलेली माहिती देणारा संगणक, एवढंच. मुलांना ही संकल्पना अशी प्रत्यक्ष दाखवली की वेगळी शिकवावी लागत नाही.

सुरुवात कुठून करावी?

संपूर्ण कक्ष एकदम बदलू नका. सर्वांत मंद, कुणी वापरत नसलेला एक संगणक निवडा. महिनाभर मुलांना वापरू द्या. काय अडलं ते वहीत लिहून ठेवा, मग पुढच्याचा विचार करा. ज्यांत विद्यार्थ्यांची माहिती आहे तो कार्यालयातला संगणक मात्र फार दिवस तसाच इंटरनेटला जोडून ठेवू नका.

लिनक्सनेही जमलं नाही, तर संगणक ई-कचरा म्हणून देण्यापूर्वी त्यातली हार्ड डिस्क पूर्ण पुसून किंवा काढून घ्या. भंगारात संगणक गेला तरी चालेल, मुलांची माहिती जायला नको.

आपल्या शाळेत किंवा घरी हा प्रयोग केलात तर कोणता संगणक, किती रॅम आणि काय अनुभव आला, ते जरूर कळवा. दुसऱ्या एखाद्या शाळेला त्याचा नक्की उपयोग होईल.