दिसायला कशी आहे?

अहिल्याबाई होळकरांची कीर्ती ऐकून राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी एका बाईला मुद्दाम त्यांना पाहून यायला धाडलं, अशी हकीकत जॉन माल्कमने १८२३ साली मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात दिली आहे. अहिल्याबाई काही रेखीव नाहीत, पण चेहऱ्यावर दैवी तेज आहे, असं त्या बाईने परत येऊन सांगितलं. आनंदीबाईंनी त्यातलं पहिलंच तेवढं उचललं. सुंदर नाही ना, मग झालं!

गोष्ट ऐकीव आहे, आणि आनंदीबाईंच्या माथी काहीही मारायची आपल्याला जुनी सवय आहे. पण एका बाईने १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवावं, काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारावं, आणि दुसरीने तिचे नाकडोळे विचारून समाधान मानावं, यातलं दुःख आजही ताजं आहे.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५४ साली याचं कारण मांडलं. मोजायला पक्कं माप नसलं की माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो, आणि शक्यतो आपल्या बरोबरीच्याशी. उंचीला टेप आहे, देखणेपणाला नाही. म्हणून जामखेडच्या कॉलेजातली मुलगी सिनेतारकेपेक्षा पुण्याला शिकायला गेलेल्या मावसबहिणीचा फोटो पाहून जास्त खट्टू होते. त्या एका फोटोआधी पुसून टाकलेले फोटो, कॅमेऱ्याने परस्पर गुळगुळीत केलेले गाल तिला दिसत नाहीत. स्वतःचा मुरूम मात्र आरशात अगदी जवळून दिसतो.

ताडून बघायला रोज नवे चेहरे समोर आले की काय होतं, ते फिजीत दिसलं. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. तिथे अंगाने भरलेली बाई चांगली समजली जाई. संशोधक ॲन बेकर यांनी टीव्ही नुकताच आला तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा मुली ११.३ टक्के निघाल्या.

मला अहिल्याबाईंना पाहून आलेल्या त्या बाईचं उत्तरही खटकतं. कौतुक केलं तेही चेहऱ्याचंच! न्यायनिवाड्याबद्दल, कारभाराबद्दल अवाक्षर नाही. माल्कम अहिल्याबाईंचं वर्णन मध्यम उंचीच्या, अगदी कृश, नितळ सावळ्या असं करतो. चौंडीत जन्मलेल्या या बाईंचं नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्याला मिळालं, पण फ्लेक्सवर त्या बहुतेकदा गोऱ्यापान असतात. ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील, आता स्थळं येतील’ असं ऐकत वाढणारी मुलगी त्याच फ्लेक्सखालून शाळेला जाते. त्यांना सावळं रंगवलं तर आपलं काय बिघडणार आहे?

भावकीच्या लग्नात मुलगी दिसली की आत्या, काकू, मावशी ‘किती जाड झालीस’, ‘काळवंडलीस गं’ अशीच सुरुवात करतात. त्यात माया असते, हे मला ठाऊक आहे. पण मुलगी त्या रात्री जेवताना भाकरी मोजते, हेही खरं आहे. याउलट आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे मैदानावर ८०० मीटर पळतात. तिथे माप पक्कं आहे, हातात घड्याळ आहे. कालच्यापेक्षा आज दोन सेकंद कमी लागले, तर ते कुणाच्या नजरेवर अवलंबून नसतं. आत्याबाईंनी पुढच्या लग्नात तिला तिची वेळ विचारावी.