कोळसा खाण समापन आराखडा

कोळसा खाण समापन आराखडा म्हणजे कोळसा काढून झाल्यानंतर खाणीखालील जमीन, पाणी आणि परिसर कोणत्या अवस्थेत आणला जाईल, त्यासाठी कोणती कामे कोणत्या क्रमाने होतील व किती खर्च येईल, हे खाण सुरू होण्यापूर्वीच मांडणारा दस्तऐवज होय. भारतात खुल्या (ओपनकास्ट) आणि भूमिगत अशा दोन्ही प्रकारच्या कोळसा खाणींना तो आवश्यक आहे. जमिनीचा पृष्ठभागच खोदला जात असल्याने खुल्या खाणींच्या बाबतीत त्याची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

खुल्या खाणीत कोळशाच्या थरावरील माती व खडक आधी दूर करावे लागतात. या थराला ओव्हरबर्डन म्हणतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांतील खाणींच्या परिसरात त्याचे उंच ढिगारे दिसतात. येथील बहुतेक खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या आहेत. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने समापन आराखड्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना २७ ऑगस्ट २००९ रोजी काढल्या आणि ७ जानेवारी २०१३ रोजी त्या सुधारल्या. त्यानंतरही त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत.

तपासणीचे मुद्दे

आराखडा तपासताना मुख्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात.

वरची माती: सुपीक माती खडकांत न मिसळता वेगळी काढून ठेवावी लागते. ती दीर्घकाळ ढिगाऱ्यात राहिली, तर तिच्यातील सूक्ष्मजीव व बियाणे नष्ट होत जातात. म्हणून ती शक्य तितक्या लवकर पसरण्याची तरतूद अपेक्षित असते.

ढिगारे: पावसाळ्यात ढिगारा घसरू नये किंवा त्यातील गाळ नाल्यांत जाऊ नये, यासाठी उतार मर्यादित ठेवणे, पायऱ्या करणे व भोवती चर खणणे आवश्यक असते. पर्यावरण मंजुरीच्या अटींत एकूण उतार साधारणतः २८ अंशांहून अधिक नसावा, असे नमूद केलेले असते.

उरणारा खड्डा: खडक फुटल्यावर त्याचे आकारमान वाढते, तरीही जाड थरातील कोळसा निघून गेल्याने खड्डा पूर्णपणे भरत नाही. शेवटी किती क्षेत्रावर, किती खोलीचा खड्डा राहील आणि त्यात साठणाऱ्या पाण्याचा दर्जा व सुरक्षितता कशी राखली जाईल, हे आराखड्यात सांगावे लागते.

प्रक्रिया

समापन आराखडा हा पर्यावरणीय परिणाम अहवालाशी जोडलेला असतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत घेतली जाते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. खाणीनंतर आपल्या शिवाराचे काय होणार, हा प्रश्न गावकऱ्यांना अधिकृतपणे विचारता येण्याची ही प्रमुख संधी असते. आराखड्याच्या अंमलबजावणीवर कोळसा नियंत्रक देखरेख ठेवतात. खाण बंद होण्याच्या किमान ५ वर्षे आधी अंतिम आराखडा सादर करावा लागतो, तर बंद झाल्यानंतर ३ वर्षे निरीक्षण चालते.

आर्थिक हमी

कंपनीने काम अर्धवट सोडू नये म्हणून तिला एस्क्रो खात्यात दरवर्षी रक्कम भरावी लागते. या खात्याचे लाभार्थी कोळसा नियंत्रक असतात. २००९ च्या सूचनांनुसार हा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, तर भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये होता. या हिशेबाने ५०० हेक्टरांच्या खुल्या खाणीची मूळ रक्कम ३० कोटी रुपये होते. २०१३ च्या सूचनांनुसार दर ५ वर्षांनी झालेल्या कामाची तपासणी करून, प्रत्यक्ष खर्चाइतकी, परंतु जमा रकमेच्या ८० टक्क्यांहून अधिक नाही, अशी रक्कम परत देता येत असे. उर्वरित रक्कम अंतिम समापनानंतरच मिळते.

अन्य देशांशी तुलना

अमेरिकेत १९७७ च्या कायद्यानुसार जमीन शक्यतो मूळ चढउतारांसारखी करून द्यावी लागते. तेथे हमीची रक्कम टप्प्याटप्प्याने मुक्त होते. लावलेली वनस्पती टिकते की नाही, हे पाहण्यासाठी कंपनीची जबाबदारी किमान ५ वर्षे, आणि कमी पावसाच्या प्रदेशात १० वर्षे राहते. भारतीय सूचनांत मूळ उंचसखलपणा परत आणण्याची अशी सर्वसाधारण सक्ती नाही.

मर्यादा

सरकारी कंपन्यांच्या अनेक प्रकल्पांत आराखड्यास त्याच कंपनीच्या संचालक मंडळाने मंजुरी दिलेली आढळते. त्यामुळे तपासणीच्या स्वतंत्रतेचा प्रश्न निर्माण होतो. दुसरी मर्यादा मालकीची आहे. कोळसा क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ खाली घेतलेली जमीन पूर्ववत केल्यानंतरही मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे बंधन नाही. तसेच वृक्षलागवड झाली म्हणजे जमीन पूर्ववत झाली असे होत नाही. चराई व शेती यांचाही विचार आवश्यक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत व चारा वाढवण्याची अट घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे आहेत.