‘मिटवून टाका’ असे कुणाला सांगता?

गावात बौद्धांवर हल्ला झाला की पुढच्या गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. पहिल्या दिवशी गावचे प्रतिष्ठित येऊन सांगतात, पोरांची चूक झाली, सोडून द्या. दुसऱ्या दिवशी ज्याने मार खाल्ला त्याच्याविरुद्धच चोरीची नाहीतर विनयभंगाची उलट फिर्याद दाखल होते. तिसऱ्या दिवशी दुकानदार उधारी बंद करतो, गिरणीवाला दळण घेत नाही, शेतावरचे काम तुटते. मग तेच प्रतिष्ठित रात्री वस्तीत येतात आणि म्हणतात, ‘मिटवून टाका. गावात राहायचंय ना?’

गावात राहायचंय ना, या एका प्रश्नात जातिव्यवस्थेची सगळी ताकद आहे. धमकी दिली असे कुणी म्हणू शकत नाही, आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर समजते.

पुढे साक्षीदार फितूर होतात, आरोपी निर्दोष सुटतात आणि प्रस्थापितांची वर्तमानपत्रे लिहितात की अॅट्रॉसिटीचा गैरवापर होतो. आमचा साधा सवाल आहे. ज्याची मजुरी आरोपीच्या शेतावर, ज्याची वाट आरोपीच्या बांधावरून आणि ज्याची मुलगी आरोपीच्या दारावरून शाळेत जाते, त्याने साक्ष फिरवली तर फिर्याद खोटी ठरते काय? अत्याचार म्हणजे फक्त काठीचा मार नव्हे. त्या माराच्या दुसऱ्या दिवसापासून घरात जो हिशेब सुरू होतो तोही अत्याचारच असतो. किती दिवस पुरेल एवढे धान्य आहे? तारखेला जायला भाडे कुठून आणायचे? मागे घर कोण सांभाळणार? बाहेरून जी लाचारी दिसते, ती पुष्कळदा या हिशेबाची बेरीज असते.

तरीही आमचा समाज नुसता सोसत बसला, हे खरे नाही. त्याने गाव सोडून मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे गाठली, हा एक प्रतिकार होता. मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, हा दुसरा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या धर्माने माणूसपण नाकारले तोच सोडला, हा सर्वात मोठा.

प्रतिकार कसा चालवावा याचा धडा महाडला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्याच दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला. ही हकिकत सर्वांना पाठ आहे. पुढची दहा वर्षे मात्र आपण फारशी सांगत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी स्थगित केला आणि दावा लढवला. वरच्या न्यायालयांत अपिले झाली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. सत्याग्रह एका दिवसाचा आणि खटला दहा वर्षांचा! दोन्ही मिळून महाडचा लढा पुरा होतो.

बहिष्काराचे हत्यारही बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्य हक्क मागू लागले की गाव त्यांना वाळीत टाकते, हे त्या समितीने १९३० मध्ये नोंदवले. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. आज अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो त्यात आला. दळण नाकारणाऱ्या गिरणीवाल्याची फिर्याद आपल्यापैकी किती जणांनी लिहून दिली?

खैरलांजी आम्ही विसरू शकत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात आई, मुलगी आणि दोन मुले यांना ठार मारण्यात आले. त्या घराने शेतीवरचा हक्क सोडला नाही आणि मुलांना शिकवले, हे गावाच्या डोळ्यांत खुपत होते. महिनाभर मोठ्या वर्तमानपत्रांना जाग आली नाही. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा ती आली. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यातील सहा जणांना फाशी सुनावली, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि हत्येमागे सूड असल्याचे मानले. म्हणजे बौद्ध कुटुंब संपवले गेले आणि कायद्याच्या कागदावर जात उरली नाही! त्या काळी गुन्हा जातीच्या ‘कारणावरून’ घडला हे सिद्ध करावे लागे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर गंभीर गुन्ह्यांत पीडिताची जात आरोपीला ठाऊक होती, एवढे पुरेसे आहे.

हे हक्क कुणी दान दिलेले नाहीत आणि ते आपोआप टिकतही नाहीत. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे महाडच्या दिवशीच, सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील अटक आणि गुन्हा नोंदणीवर अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात आमच्या माणसांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ आणावे लागले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. रस्त्यावरचा आवाज न्यायालयापर्यंत पोहोचतो, याला आणखी कोणता पुरावा हवा?

पण रस्त्यावरचा आवाज साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत का पोहोचत नाही? घटना घडली की मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, पुढाऱ्यांची भाषणे होतात. दोन वर्षांनी साक्षीची तारीख लागते तेव्हा कोर्टाच्या आवारात आरोपीकडची गर्दी असते आणि आपली बाई एकटी बाकावर बसलेली असते. तिने तिथे ‘मला आठवत नाही’ असे सांगितले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार मोर्चातल्या कुणालाही नाही.

कायद्याने दिलेले तरी आपण वापरावे. कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळालीच पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. नियम ११ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च व भत्ता मिळतो. नियम ४ प्रमाणे पीडिताच्या इच्छेवरून जिल्हाधिकारी चांगला वकील नेमू शकतात. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा झाली पाहिजे. शेजारच्या वस्तीत विचारून पाहा, यातले काय मिळाले?

आणखी एक सावधगिरी. अॅट्रॉसिटीचा गुन्हा पक्षकारांनी आपसात मिटवण्याजोगा नाही. मात्र वाद मुळात खासगी असेल तर तडजोडीवरून खटला रद्द करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. तडजोड दबावाखाली झालेली नाही ना, हे तपासण्याची सूचनाही दिली. म्हणून रात्री वस्तीत येणाऱ्या प्रतिष्ठितांची लगबग आता वाढणार, हे ओळखून राहावे.

काही बांधव म्हणतात, आपण बौद्ध आहोत, मैत्री आणि करुणा पाळावी. जरूर पाळावी. पण अन्याय गिळून टाकणे म्हणजे करुणा नव्हे. करुणा असेल तर ती आधी मार खाल्लेल्या माणसाच्या वाट्याला येऊ द्या.

म्हणून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या तालुक्यातील अॅट्रॉसिटीच्या खटल्यांची एक वही करा. प्रत्येक तारीख तिच्यात लिहा. साक्षीच्या दिवशी चार माणसे पीडिताबरोबर एसटीत बसा. वाळीत पडलेल्या घराला वस्तीतून दोन महिन्यांचे धान्य द्या. चूल पेटती राहिली की साक्ष टिकते. ‘गावात राहायचंय ना?’ असे विचारणाऱ्याला मग आपला माणूस ठणकावून सांगेल, होय, राहायचंय, आणि फिर्यादही मागे घ्यायची नाही.