भेंडी कोणत्या गटात?

पुढील सोळा शब्द वाचा. त्यांचे चार-चार शब्दांचे चार गट करायचे आहेत. प्रत्येक गटातील शब्दांना जोडणारा एक धागा असला पाहिजे आणि एकही शब्द उरता कामा नये.

भेंडी, पाय, सूत, माठ
काहील, गवार, आड, धोटा
पळ, कांडी, वांगे, ढेप
बीम, पाऊल, घाणा, दोडका

पुढे वाचण्यापूर्वी पाच मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन बसा. उत्तर आले नाही तरी चालेल. पण पहिला गट कोणता केलात, ते मात्र लिहून ठेवा.

अशी कोडी आता रोजच्या करमणुकीचा भाग झाली आहेत. बीबीसीवर २००८ साली सुरू झालेल्या ‘ओन्ली कनेक्ट’ या प्रश्नमंजूषेत सोळा शब्दांची ‘भिंत’ असते. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ साली ‘कनेक्शन्स’ या नावाने याच जातीचे रोजचे कोडे सुरू केले. त्यात चार चुका झाल्या की खेळ संपतो. आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना याचे धाकटे भावंड चांगले ठाऊक आहे : ‘गटात न बसणारा शब्द ओळखा.’

वरचे कोडे हातकणंगले तालुक्यातील मुले डोळ्यांपुढे ठेवून रचले आहे. या तालुक्यातील इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. पुढे गाव मागांचे झाले आणि मागाचे शब्द घराघरांत शिरले. गावाबाहेर पडले की ऊस लागतो आणि हंगामात गुऱ्हाळेही. दोन धंद्यांचे शब्द इथे शेजारी शेजारी नांदतात.

पहिला सापळा

बहुतेकांचा पहिला गट असा होईल : भेंडी, गवार, वांगे, दोडका. चारही भाज्या! पण हे उत्तर चूक आहे. भेंडी इथे गुऱ्हाळातली आहे. काहिलीत उसाचा रस तापत असताना त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्या चिकट द्रव्याला रसातील गाळ धरून राहतो, तो मळीच्या रूपाने वर येतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. म्हणून काहील, घाणा, ढेप आणि भेंडी हा गुऱ्हाळाचा गट. मग भाज्यांत चौथी कोण? माठ. पाण्याचा नव्हे, पालेभाजीचा.

धोटा, बीम, सूत आणि कांडी हा मागाचा गट. उरले पाय, पाऊल, आड, पळ. यांचा धागा अर्थात नाही, जोडशब्दात आहे : पायवाट, पाऊलवाट, आडवाट, पळवाट.

शब्द शब्दाला ओढतो

‘गवार’ वाचताच ‘भेंडी’ का पुढे येते? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ साली घेतला. त्यांनी पंचाहत्तर शब्दांची यादी केली. एकेक शब्द पाहायचा, मनात प्रथम काय येते ते टिपायचे आणि वेळ मोजायचा. हीच यादी त्यांनी काही काळाच्या अंतराने चार वेळा वापरली. तेच ते विचार पुन्हापुन्हा येतात असे त्यांना आढळले, आणि त्यांतील पुष्कळांचे मूळ बालपणात व तरुणपणात होते. १९१० साली केंट आणि रोझॅनॉफ या अमेरिकन संशोधकांनी शंभर शब्द हजार माणसांना देऊन उत्तरे गोळा केली. बऱ्याच शब्दांना बहुसंख्य लोक ठरावीक मोजकीच उत्तरे देतात, असे त्यांतून दिसले.

१९७१ साली मायर आणि श्वानेव्हेल्ट यांनी ही ओढ वेळेत मोजली. अक्षरांच्या दोन जुळण्या दाखवायच्या आणि दोन्ही खरे शब्द आहेत का, एवढेच विचारायचे. ‘पाव’ आणि ‘लोणी’ यांसारखी संबंधित जोडी असली की असंबंधित जोडीपेक्षा उत्तर सुमारे ८५ सहस्रांश सेकंद लवकर येई. म्हणजे पहिला शब्द वाचतानाच दुसरा अर्धा जागा झालेला असतो. याचा उलगडा कॉलिन्स आणि लॉफ्टस यांनी १९७५ साली जाळ्याच्या कल्पनेने केला. मनातले शब्द धाग्यांनी बांधलेले आहेत. एक गाठ हलली की हालचाल धाग्याधाग्याने पसरते, आणि धागा जितका वापरातला, तितकी ती लवकर पोचते.

कोडे रचणारा नेमका याचा फायदा घेतो. भाज्यांचा धागा तो मुद्दाम जोराने हलवतो. त्या गलबल्यात माठाचा पालेभाजी हा अर्थ जागा होतच नाही.

सोडवायचे कसे?

सगळ्या शक्यता तपासून पाहणे अशक्यच. सोळा वस्तूंचे चार-चारांचे चार गट २६,२७,६२५ प्रकारे करता येतात. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा स्वतः काढून पाहावा.) पण एक गट अचूक सापडला की ५,७७५ प्रकार उरतात, दुसरा सापडला की ३५, आणि तिसऱ्याबरोबर चौथा आपोआप मिळतो. म्हणून पहिल्या गटाची खात्री सर्वांत मोलाची.

ती खात्री कशी करावी? प्रथम, चार शब्द जुळले म्हणून थांबू नका. पाचवा जुळतो का ते पाहा. आपल्या कोड्यात गवार, वांगे, दोडका, भेंडी आणि माठ असे पाच आहेत. पाच जुळले की त्यांतला एक दुसऱ्या घरचा असतो. दुसरे, ज्याला एकच घर आहे अशा शब्दापासून सुरुवात करा. ‘धोटा’ मागाशिवाय कुठे जाणार? तिसरे, शब्दाचा अर्थ अडला तर त्याच्या पुढे-मागे दुसरा शब्द जोडून पाहा. आणि तरीही अडलेच तर कोडे बाजूला ठेवा. स्मिथ आणि ब्लँकेनशिप यांच्या १९९१ सालच्या प्रयोगांत, चुकीच्या सुचवणुकीने अडलेल्या लोकांना मधल्या विश्रांतीचा फायदा झाल्याचे दिसले. चुकीच्या धाग्याचा जोर ओसरायला वेळ लागतो, तो द्यावा.

चूक कोणाची?

आता आपल्या वर्गाकडे वळू. समजा, ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ असा प्रश्न आहे आणि पर्याय आहेत : सूत, कापूस, कांडी, ऊस. विणकराच्या घरची मुलगी ‘ऊस’ म्हणेल, कारण धोट्यात बसते ती सुताची कांडी तिने हाताळलेली आहे. शेतकऱ्याचा मुलगा ‘सूत’ म्हणेल. त्याच्या घरी कांडी म्हणजे लागणीसाठी तोडलेला, डोळे असलेला उसाचा तुकडा. ऊस, कांडी, कापूस ही सारी शेतातली, सूत तेवढे गिरणीतले. दोघांचाही तर्क निर्दोष आहे. उत्तरसूचीत मात्र एकच उत्तर असते आणि दोघांपैकी एकाचा गुण जातो.

हा केवळ एका गुणाचा प्रश्न नाही. अशा दहा प्रश्नांत चार वेळा असे घडले की त्या मुलावर ‘बुद्धिमत्तेत कच्चा’ असा शिक्का बसतो, आणि कालांतराने तोही ते खरे मानू लागतो. प्रत्यक्षात मोजली गेली ती बुद्धी नव्हे, प्रश्न काढणाऱ्याचे आणि मुलाचे शब्दांचे जाळे किती जुळते, एवढेच. विदर्भात ‘ढेप’ म्हटले की सरकीची पेंड आठवते, गूळ नव्हे. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या कानावर ‘आडवाट’ कधी पडलाच नसेल, तर वाटेचा गट त्याला सापडणार कसा? धोट्याविना चालणारे माग आल्यामुळे उद्या इचलकरंजीतल्याच काही मुलांना ‘धोटा’ नवा वाटेल.

परीक्षेची उत्तरसूची आपल्या हातात नसते, वर्ग असतो. म्हणून असा प्रश्न सोडवून घेताना उत्तराआधी ‘का?’ विचारावे. कारण पटले तर तेही उत्तर फळ्यावर लिहावे, आणि मग ‘प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कोणते असेल?’ हे वर्गाला शोधू द्यावे. यामुळे परीक्षेची तयारीही बुडत नाही आणि मुलाचा स्वतःच्या तर्कावरचा विश्वासही टिकतो.

याहून चांगला उपाय म्हणजे कोडे मुलांनीच रचावे. चार-चार जणांच्या गटाला आपल्या घरच्या धंद्यातले शब्द जमवायला सांगा. हुपरीकडचे मूल चांदीकामाचे शब्द आणील, दुसरे कोणी गोठ्यातले. एक अट घाला : निदान दोन शब्द दोन घरांत बसणारे हवेत, पण पूर्ण उत्तर एकच निघाले पाहिजे. ही अट पाळताना मुले प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ उलटसुलट तपासतात आणि शेजारच्या घरचे शब्दही शिकतात. शिक्षकालाही त्यातून काही नवे शब्द मिळतील.

आता सुरुवातीला लिहून ठेवलेला तुमचा पहिला गट पाहा. त्यात भेंडी होती का?