प्रेक्षक नाहीत, तर पगार कुठून?

पाऊस लागला की चौकातल्या वडापावच्या गाडीचा गल्ला रिकामा राहतो. तेलाची उधारी मात्र थांबत नाही. इंग्लंडमधल्या छोट्या फुटबॉल क्लबांचं 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत हेच झालं. फक्त हा पाऊस महिनोन्महिने टिकला.

मोठ्या क्लबांना टीव्हीचा पैसा मिळतो: मैदान रिकामं असलं तरी कॅमेरा चालू. नॅशनल लीग नॉर्थ, साउथसारख्या खालच्या पायरीवर गल्ला म्हणजे मुख्यतः तिकीट, बिअर आणि मध्यंतरातलं खाणंपिणं. इथला खेळाडू दिवसा प्लंबर किंवा शिक्षक, संध्याकाळी बचावपटू. सामने बंद असताना अनेकांना सरकारी फर्लो योजनेचा आधार होता: काम बंद असताना 80 टक्के पगार, महिना कमाल 2,500 पौंड. पण सामना खेळवायचा म्हणजे खेळाडू कामावर आला, फर्लो बंद. आणि प्रेक्षकबंदीमुळे तिकीटखिडकीही बंदच!

ऑक्टोबरात राष्ट्रीय लॉटरीकडून 1 कोटी पौंड मिळाले, तीन महिन्यांपुरते. गंमत म्हणजे नॅशनल लीग सरकारी यादीत ‘अव्वल’ ठरली म्हणून ही प्रेक्षकबंदी. तिच्याखालच्या क्लबांना मात्र मर्यादित प्रेक्षक चालत होते. जानेवारीत पुढची मदत कर्जरूपात पुढे आली. उधारी फेडायला आणखी उधारी? फेब्रुवारी 2021 मध्ये क्लबांचं मतदान झालं आणि नॉर्थ-साउथचा हंगाम अर्ध्यातच गुंडाळला गेला.